तालुक्याच्या दातांच्या दवाखान्यात आधी काय घ्यावं, आरव्हीजी की स्कॅनर?

दारव्ह्याचा_दातवाला

नमस्कार मंडळी. मी बीडीएस, दारव्ह्याला (जि. यवतमाळ) छोटा दवाखाना चालवतो. एक चेअर, एक असिस्टंट मुलगी, वर पत्र्याचं शेड. पेशंट आजूबाजूच्या खेड्यांतले, शेतकरी नाहीतर मजूर, थोडे जिल्हा परिषदेचे मास्तर. कापूस घरात आला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी बसायला जागा नसते आणि पेरणीच्या दिवसांत दाढ कितीही ठणकली तरी माणूस लवंग धरून बसतो, दवाखान्यात येत नाही.

एक्स-रे मी अजून फिल्मवरच काढतो. मे महिन्यात डेव्हलपरचं काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे. आता दोन पैसे बाजूला पडलेत आणि थोडं लोन काढायची तयारी आहे. परवा नागपूरहून एक सेल्सवाला येऊन गेला, इंट्राओरल स्कॅनरचा (तोंडात फिरवून दातांचं माप कॉम्प्युटरवर घेणारा) डेमो दिला, बायकोचाच जबडा स्कॅन करून दाखवला, खोटं कशाला बोलू, भारीच वाटलं. म्हणे सर आता इम्प्रेशनची, म्हणजे माप घ्यायची, कटकटच संपली, पुट्टी (मापाचा लगदा) नाही, पार्सल नाही, फाइल गेली की क्राऊन (दाताची कॅप) आला. ईएमआय पण करून देतो म्हणाला. दुसरीकडे माझा बॅचमेट म्हणतो आधी आरव्हीजी (सेन्सरवर निघणारा डिजिटल एक्स-रे) घे, स्कॅनर घेऊन काय शोकेसमध्ये ठेवतो का.

दोन्ही एकदम जमणार नाही. आमच्याकडे लाइनीचा भरवसा नाही, पावसाळ्यात डीपी जळाली की दोन दोन दिवस अंधार. आणि अर्धे पेशंट खर्रेवाले (सुपारी-तंबाखू घोटून खाणारे), तोंडच उघडत नाही. खेड्यात प्रॅक्टिस करणाऱ्यांनी सांगा, पुण्या-मुंबईचे अनुभव नकोत प्लीज.

वरुडकर_सिनियर

तुझा बॅचमेट शहाणा आहे, त्याला चहा पाज.

आरव्हीजी काही आता नवलाची गोष्ट राहिली नाही, १९८७ ला फ्रान्समधून बाजारात आली, म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीची असेल. तरी आपल्या भागात कितीतरी दवाखान्यांत अजून फिल्मच चालते, कारण फिल्म स्वस्त वाटते. वाटते म्हणतोय मी. डेव्हलपर २० डिग्रीच्या आसपास नीट काम करतो आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, कूलर लावूनही खोलीत ३५, मग फिल्म काळीकुट्ट निघते नाहीतर धुरकट, मग परत काढ, परत पेशंटला रेडिएशन, आणि एवढं करून रूटच्या टोकाशी काय आहे ते कळत नाहीच. सेन्सरवर चित्र काही सेकंदांत येतं आणि जुन्या डी-स्पीड फिल्मच्या मानाने एक्सपोजर निम्म्याहून कमी लागतं. अँगल चुकला तर पेशंट खुर्चीत असतानाच कळतं. रूट कॅनाल करताना मुळात फाइल (बारीक सुई) घालून लांबी बघायची, मग मास्टर कोन (भरायच्या काडीचं माप), मग ऑब्चुरेशन (पोकळी भरणं), हे तीन एक्स-रे फिल्मवर करायला बसलं तर माणूस कंटाळून उठून जातो, बाहेर त्याची गावाची शेवटची एसटी उभी असते.

आता पेशंटच्या बाजूने बघ. आपला माणूस खुर्चीत बसता बसताच म्हणतो, डॉक्टरसाहेब काढूनच टाका, कटकट नको. त्याला स्क्रीनवर त्याचीच दाढ दाखवायची. हा पांढरा भाग म्हणजे मजबूत, हा काळा डाग म्हणजे कीड, ती इथवर आली, ही बारीक रेघ म्हणजे नस, आणि मुळाखालचं हाड बघ अजून चांगलं आहे, म्हणजे दाढ वाचते. मी बोट ठेवून दाखवतो आणि मग गप्प बसतो. सगळेच काही रूट कॅनाल करत नाहीत, पैशाचा प्रश्न असतो, पण काढायची ठरवली तरी तो समजून ठरवतो. फिल्मची ती टिकलीएवढी चिंधी ट्यूबलाइटसमोर धरून हे कोणाला कळत नाही.

सोबत एपेक्स लोकेटर घेतला नसशील तर तो आधी घे, बाकी सगळं नंतर. कॅनालची लांबी विजेच्या रोधावरून सांगतो, किंमत स्कॅनरच्या पासंगालाही नाही आणि दोन-तीन एक्स-रे वाचतात. बॅटरीवर चालतो, लाइन गेली तरी चालू.

कागदपत्रं विसरू नको. एक्स-रे मशीनला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवाना लागतो, ई-लोरा पोर्टलवर अर्ज करावा लागतो, आणि मशीन टाइप अप्रूव्ह्ड (त्या मॉडेलला एईआरबीची मान्यता) आहे का ते बिल फाडायच्या आधी विचार, नंतर नाही. ते हातात धरायचं पोर्टेबल युनिट ऑनलाइन स्वस्तात दिसतं, त्याच्या नादी लागण्याआधी तर दहादा विचार. सेल्सवाला ‘सर चालतं, सगळे वापरतात’ म्हणतो. सापडलास तर तो फोन उचलत नाही.

लाइनीबद्दल: साधा इन्व्हर्टर कॉम्प्युटरला नको, प्युअर साइन वेव्हवाला घे, आणि कॉम्प्युटर-सेन्सर ऑनलाइन यूपीएसवर. एक्स-रे मशीन इन्व्हर्टरवर टाकायची असेल तर मशीनवाल्याला लोड विचारून घे. आणि अर्थिंग! आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग सेन्सरच्या चित्रात रेघा येतात, कधी यूएसबी पोर्टच जातं. उन्हाळाभर खड्ड्यात पाणी टाकत जा आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घे.

लॅबवाला_अमरावती

मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, पण स्कॅनर विषय निघाला म्हणून लिहितो.

सर, तुम्ही स्कॅनर नाही घेतला तरी तुमचं काम आमच्याकडे येऊन डिजिटलच होते. तुमची पुट्टी आली की आम्ही मॉडेल ओततो, मॉडेल लॅब स्कॅनरवर स्कॅन करतो, पुढे डिझाइन कॉम्प्युटरवर आणि झिरकोनिया (पांढरे सिरॅमिक) मिलिंगवर, म्हणजे मशीनने कापून. मेटल सिरॅमिकचे कोपिंग (आतली धातूची टोपी) पण आजकाल बऱ्याच लॅब लेझरने मेटलच्या पावडरमधून बनवून घेतात. म्हणजे फरक एवढाच की स्कॅन तुमच्या खुर्चीत होणार की आमच्या टेबलावर.

आता ‘इम्प्रेशनची कटकट संपली’ हे जे म्हणतात त्यावर हसू येते. स्कॅनर कॅमेरा आहे. त्याला जे दिसते तेच तो घेणार. मार्जिन (क्राऊन जिथे दाताला टेकतो ती कड) हिरडीच्या खाली गेली, वर रक्त आहे, लाळ आहे, कॉर्ड (हिरडी बाजूला सारायचा दोरा) टाकली नाही, तर पुट्टीत जे बिघडते तेच स्कॅनमध्ये बिघडते. उलट पुट्टीत बबल आला तर आम्हाला डोळ्यांनी दिसते आणि आम्ही फोन करतो. स्कॅनमध्ये जिथे डेटा नाही तिथे सॉफ्टवेअर स्वतःच भोक भरून टाकते, गुळगुळीत, सुंदर, आणि चुकीचे. माझ्याकडे अशा फाइल येतात की मार्जिनची रेघ काढायला बसलो तर अर्धी रेघ मीच अंदाजाने काढतोय असे होते. मी परत पाठवतो, डॉक्टर रागावतात. पण झिरकोनिया मिल करताना आधीच वीस-बावीस टक्के मोठा कापावा लागतो, मग पंधराशे डिग्रीच्या आसपास भट्टीत सिंटर होताना (भाजून घट्ट होताना) आकसून मापात येतो. एवढे सगळे हिशेब बरोबर करायचे आणि मुळात मार्जिनच अंदाजाची, मग क्राऊन बसला नाही की लॅब खराब.

तुमच्या पेशंटवरून वाटते तसे काम असेल, म्हणजे महिन्याला थोडे क्राऊन, बाकी कवळ्या आणि काढणं, तर स्कॅनरचा उपयोग कमी. पूर्ण कवळीचे माप स्कॅनरने घेणे अवघड आहे, दात नाहीत, सगळीकडे ओली गुळगुळीत हिरडी, त्याला पकडायला खूण मिळत नाही, आणि गाल-जीभ हलताना कड कुठवर घ्यायची ते ट्रेमध्येच चांगले कळते.

एक विनंती सगळ्याच डॉक्टरांना. क्राऊनचे माप अल्जिनेटमध्ये घेऊन ओल्या कापसात गुंडाळून एसटीच्या पार्सलने पाठवू नका. ते वाळले की आकसते आणि पाणी प्यायले की फुगते, ते तिथल्या तिथे ओतायचे असते. ॲडिशन सिलिकॉन पाठवा, ते दोन-चार दिवस प्रवासात टिकते.

वणीचा_डॉक्टर

मी थोडा विरोधात बोलतो. माझ्याकडे स्कॅनर आहे आणि मला तो परवडतो. पण माझ्याकडे कोळसा खाणीतले नोकरीवाले पेशंट जास्त, क्राऊन-ब्रिजचं काम रोजचं. ज्यांना पुट्टी तोंडात घातली की ओकारी येते त्यांच्यासाठी तर वरदान आहे, थांबवता येतं, श्वास घेऊ दिला की तिथून पुढे चालू. शिवाय चुकलं तेवढाच भाग पुसून परत घेता येतो, सगळं माप परत नाही. आणि हे तंत्र काही काल आलेलं नाही, झुरिकला १९८५ मध्ये पहिला पेशंट झाला होता याचा.

लॅबवाल्या भाऊंचं मार्जिनबद्दल शंभर टक्के बरोबर आहे. मी अजूनही कॉर्ड टाकतो.

पण सेल्सवाले जे सांगत नाहीत ते सांगतो. तगडं ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप वेगळा घ्यावा लागतो आणि तो एसीशिवाय उन्हाळ्यात गरम होऊन अडकतो, म्हणजे एसी आला, म्हणजे लाइटचं बिल आलं, आणि तुमच्या डोक्यावर तर पत्रा आहे. स्कॅनरची टोकं ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) ठरावीक वेळाच चालतात, मग नवीन. काही कंपन्यांचं वर्षाचं सबस्क्रिप्शन असतं, ते बंद केलं तर काय काय बंद पडतं ते लिहून घ्या. एसटीएल फाइल (स्कॅनची थ्रीडी फाइल) विनापैशाची बाहेर काढता येते का, कुठल्याही लॅबला पाठवता येते का, का त्यांच्याच लॅबला पाठवावी लागते, हे नक्की विचारा. आणि सर्व्हिसचा माणूस कुठे बसतो. माझा एकदा बंद पडला तेव्हा तो थेट दिल्लीला पाठवायला सांगितला, बदली मशीन देऊ म्हणाले ते काही आलं नाही. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच असतील.

दारव्ह्याचा_दातवाला

सर, लॅबवाले भाऊ, वणीवाले डॉक्टर, तिघांचेही आभार. एपेक्स लोकेटर आहे माझ्याकडे. पत्र्याचा मुद्दा लागला मनाला.

पण खर्रेवाल्या पेशंटचं कोणीच बोललं नाही. माझ्याकडे पंचविशीतली पोरं येतात, दोन बोटंसुद्धा तोंडात जात नाहीत. फिल्म निदान वाकवून कशीबशी सरकवता येते. तो कडक सेन्सर कसा घालायचा?

ओरलमेडिसिन_वर्धा

भाऊ, हा खरा विदर्भाचा प्रश्न आहे, परदेशी व्हिडिओत याचं उत्तर मिळत नाही.

सेन्सर फिल्मपेक्षा जाड असतो, कडक असतो, आणि २ नंबरची साइज म्हणजे ३१ बाय ४१ मिमीच्या फिल्मएवढी, प्रत्यक्षात बाहेरून अजून मोठी. सबम्युकस फायब्रोसिसच्या (गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड आवळतं तो आजार) पेशंटला ती आडवी घालणं म्हणजे छळ, तो चावतो आणि केबल तुटते. म्हणून घेतानाच १ नंबरचा सेन्सर घ्या, एकच घ्यायचा असेल तरी तोच. लहान मुलांनाही कामाला येतो. दुसरा पर्याय फॉस्फर प्लेट, ती फिल्मसारखी पातळ असते, थोडी वाकते, फक्त वाचायला वेगळं स्कॅनिंग मशीन लागतं आणि चित्र लगेच नाही, मिनिटभराने. ओरखडे पडले की प्लेट बाद. तोंड अगदीच उघडत नसेल तर ओपीजीसाठी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) यवतमाळला पाठवा, तोंडात सेन्सर किंवा फिल्म घालावी लागत नाही. आणि सीबीसीटी (जबड्याचं थ्रीडी स्कॅन मशीन) तुमच्या पातळीवर विकत घ्यायचा विषयच नाही, लागेल तेव्हा रेफर करा.

इंट्राओरल स्कॅनर तर या पेशंटना विसराच. टोकाची उंची १५ ते २० मिमी, त्यात ते फिरवायला जागा हवी, मागच्या दाढेपर्यंत पोचतच नाही. तोंड साधारण ३५ ते ५० मिमी उघडायला हवं, तुम्ही म्हणता त्या पोरांचं १५-२० असेल. मोजता का तुम्ही? वरच्या आणि खालच्या पुढच्या दाताच्या कडेपासून पट्टीने, प्रत्येक भेटीत, आणि कार्डवर तारखेसह. हे कुठल्याही मशीनशिवाय होतं आणि तोंड आवळत चाललंय हे त्यानेच कळतं.

आता माझ्या मते तुम्ही डिजिटलमध्ये खरंच काय करू शकता ते सांगते. कॅमेरा. स्वस्तातला इंट्राओरल कॅमेरा किंवा चांगला मोबाइल, गाल ओढायचा रिट्रॅक्टर आणि एकसारखा उजेड. पांढरा चट्टा, लाल चट्टा, गालाची ताठर पांढरट त्वचा, जिभेच्या कडेची जखम, सगळ्याचे फोटो तारखेसह ठेवा. पंधरा दिवसांनी परत बोलवून तोच अँगल. दोन आठवड्यांत न भरलेली जखम म्हणजे बायोप्सीला पाठवायची, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, सावंगीला आहे, अकोला-अमरावतीलाही कॉलेज आहेत. फोटोवरून निदान होत नाही, कुठलंही अॅप काहीही म्हणो, तुकडा काढूनच कळतं. पण चांगल्या फोटोने कोणाला आज पाठवायचं आणि कोणाला थांबवायचं ते ठरतं. आणि पेशंट जातो! ‘जाऊन ये नागपूरला’ म्हटलं की जात नाही, आधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवला की त्याची बायको त्याला घेऊन जाते.

पोरं म्हणतात मॅडम तंबाखू सोडला, आता फक्त सुपारी. त्यांना सांगा की एकट्या सुपारीलाही आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २००४ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय आणि फायब्रोसिस तर मुळात सुपारीनेच होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर समोर घोटून मिळतो.

एक्स-रे किंवा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक करतो आणि आम्हाला काही दिसत नाही. चेहरा, नाव झाका, पेशंटला विचारून पाठवा, डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे आता.

गजूभाऊ_पांढरकवडा

डाक्टर लोकहो, मी पेशंट हाय, मंधात बोललो तं चालते नं?

तुमी म्हणता स्क्रीनवर दाखोलं की पेशंटले समजते. समजते, पन भेव बी लागते. मी एका दवाखान्यात गेलतो, नाव नाई घेत, त्यानं तोंडात कॅमेरा घातला अन् टीव्हीवर दाखोलं, बाप्पा, माही दाढ नाई ते तं विहीर दिसे. म्हणे सहा दाढा खराब हायेत, सहाही कराव्या लागतीन. मी म्हटलं मले तं एकच दुखते. घरी येऊन झोप नाई. मंग दुसऱ्या डाक्टरले दाखोलं तं तो म्हणे एकच खराब हाय, बाकीच्याइवर निस्ते डाग हायेत, बोअरच्या पान्याचे.

तं माह्यं म्हणनं असं की दाखवाले लागते, दाखवा, पन तो फोटो अन् एक्स-रे पेशंटच्या मोबाइलवर टाकून देत जा. दुसऱ्याले दाखवता येते. अन् मह्या बापाले घेऊन एका दाताच्या फोटोसाठी यवतमाळले जा-ये करा लागली, दिवसाची मजुरी गेली ते येगळीच. तालुक्याले मशीन असली तं लय बरं होईन.

ओरलमेडिसिन_वर्धा

गजूभाऊ, चालतं म्हणजे काय, बोलायलाच पाहिजे तुम्ही. ते बोअरच्या पाण्याचे डाग म्हणजे फ्लोरोसिस, यवतमाळ-चंद्रपूरकडे पुष्कळ. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड चालत नाही असं मानक आहे, आपल्या कित्येक बोअरला त्याहून जास्त. लहानपणी दात तयार होताना ते पाणी प्यायलं की डाग पडतात. मोठ्या स्क्रीनवर ते किडीसारखे दिसतात, आणि दिसतात तसे दाखवून बिलं फाडणारेही आहेत आमच्यात. कीड आहे का ते बोथट प्रोबने हळूच तपासून आणि एक्स-रे बघून ठरतं, नुसत्या रंगावरून नाही.

वरुडकर_सिनियर

गजूभाऊंनी फोटो मोबाइलवर टाकायचं सांगितलं ते मी करतोच, फुकट. त्याने एक होतं, पेशंट दुसरीकडे जाऊन दाखवतो आणि परत आपल्याचकडे येतो.

दारव्ह्याचा_दातवाला

ठरलं मग. आरव्हीजी, १ नंबरचा सेन्सर, चांगला कॅमेरा, ऑनलाइन यूपीएस, आणि पत्र्याखाली आधी पीओपीचं सीलिंग. सेल्सवाल्याला स्कॅनरचं पुढच्या कापसाला बघू म्हणून सांगतो. गजूभाऊ, दारव्ह्याला कधी आलात तर चहाला या, दात नाही बघणार.

एकच शेवटचं. यवतमाळचा एक जण दवाखाना बंद करतोय, सेन्सर निम्म्या किमतीत देतो म्हणतो. घ्यावा का?

वणीचा_डॉक्टर

सेकंडहँड चेअर घ्या, कॉम्प्रेसर घ्या, सेन्सर नको. आत काय मोडलंय ते बाहेरून दिसत नाही आणि केबल कितीदा वाकली याचा हिशेब कोणाकडे नसतो. अगदीच मोह झाला तर त्याच्या दवाखान्यात नाही, तुमच्या दवाखान्यात, तुमच्या कॉम्प्युटरवर लावून बघा, सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमच्या नावावर होतं का ते कंपनीला फोन करून विचारा, आणि चित्र येत असताना केबल सेन्सरजवळ हलकी हलवून बघा. रेघ आली की नमस्कार करून परत पाठवा.

वरुडकर_सिनियर

आणि नवीन घेतलास तरी डेमो दुपारी दोनला मागव, मे महिन्यात, लाइन गेलेली असताना यूपीएसवर. आणि प्लास्टिकच्या स्लीव्ह पहिल्याच दिवशी भरपूर मागवून ठेव, प्रत्येक पेशंटला नवीन, सेन्सर ऑटोक्लेव्हमध्ये जात नाही हे असिस्टंट मुलीला पहिल्याच दिवशी सांग.